तुतारीची आर आणि वाशिमची मध्यरेषा

मृग लागायच्या आधीच्या आठवड्यात रिसोडच्या बाजारपेठेतून फिरावे. सोयाबीनच्या बियाण्याच्या थैल्या आणि खताची पोती यांच्या वर, दुकानाच्या पाटीवर, एकच शब्द पुन्हा पुन्हा रंगवलेला दिसतो : कृषी सेवा केंद्र. थोडे पुढे गेले की महा ई-सेवा केंद्र. मार्चमध्ये शाळेच्या फाटकावर परीक्षा केंद्र, निवडणुकीत त्याच फाटकावर मतदान केंद्र. आल्यागेल्याच्या तोंडी असलेला हा शब्द कुणालाही परका वाटत नाही. त्याच्या जोडाक्षराचा थाट तर अस्सल संस्कृत.

तो मूळचा ग्रीक आहे. ग्रीक भाषेत 'केन्टेइन' म्हणजे टोचणे आणि 'केन्ट्रॉन' म्हणजे टोचणारे टोक. बैल हाकायच्या काठीला पुढे जो अणकुचीदार खिळा असतो, त्यालाही ग्रीक लोक केन्ट्रॉन म्हणत. वऱ्हाडात त्या काठीला तुतारी म्हणतात, मराठवाड्यात पराणी, आणि तिच्या टोकाला आर. म्हणजे रिसोडचा शेतकरी ज्या दुकानातून बियाणे नेतो, त्या दुकानाच्या पाटीवर त्याच्याच हातातल्या तुतारीची आर लिहिलेली आहे. मात्र तिथवर पोचायला त्या शब्दाला दोन हजार वर्षे लागली.

ही वाट रिसोडपासून फार लांबून गेलेली नाही. गावाच्या पूर्वेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर वाशिम आहे. पृथ्वीची मध्यरेषा कुठून जाते हे सांगताना जुन्या गणितींनी ज्या मोजक्या गावांची नावे घेतली, त्यांत वाशिमचे नाव आहे. त्या रेषेवर बसून जे गणित झाले त्यात ग्रीकांची आर होती आणि आपल्या धनुष्याची दोरीही होती. पुढे त्या दोरीचे नाव अरबस्तान आणि स्पेन फिरून लॅटिनमध्ये गेले आणि आपल्याच शाळेत परक्या नावाने परत आले. दहावीचा विद्यार्थी आज या दोन्ही शब्दांना रोज हात लावतो. त्यांची गोष्ट मात्र त्याला कुणी सांगत नाही, म्हणून ती इथे सांगायची आहे.

आर टोचली की वर्तुळ होते

भोवरा फिरवलेल्या कुणालाही केंद्र म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. भोवऱ्याच्या खालच्या खिळ्यालाही आपण आरच म्हणतो. सगळा भोवरा फिरतो आणि आर एका जागी उभी राहते. कंपासचे तसेच आहे. एक पाय कागदात टोचायचा, दुसरा त्याच्याभोवती फिरवायचा. जो टोचला तो केन्ट्रॉन. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास युक्लिडने आपल्या भूमितीच्या पहिल्या पुस्तकात वर्तुळाची व्याख्या केली आणि लगेच पुढच्या व्याख्येत त्या मधल्या बिंदूला हेच नाव दिले. तोवर हा शब्द गोठ्यातून निघून गणितात स्थिरावला होता. रोमन लोकांनी तो तसाच उचलला, 'सेन्ट्रुम' असा लॅटिन केला, आणि त्यातून इंग्रजीतला सेंटर आला.

भूमितीतले बरेच शब्द असे हातातल्या वस्तूंपासून आले आहेत. लॅटिनमध्ये 'रेडियस' म्हणजे चाकाचा आरा. बैलगाडीचे चाक डोळ्यांसमोर आणा : मध्ये तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, बाहेर लोखंडी धाव. तुंब्यापासून धावेपर्यंतचा आरा म्हणजे रेडियस. ग्रीक 'डायामेट्रॉस' म्हणजे आरपार जाणारे माप, आपला व्यास. ग्रीसमधला शेतकरी आणि वऱ्हाडातला शेतकरी यांची अवजारे एकाच घरातली वाटावीत इतकी सारखी असल्यामुळे हे शब्द आपल्याला सहज उमगतात.

आपल्याकडे वर्तुळ काढायला ग्रीकांची वाट पाहावी लागली नव्हती. यज्ञवेदी आखण्यासाठी रचलेल्या शुल्बसूत्रांत खुंटी आणि दोरी यांनी वर्तुळे, चौरस आणि आयत काढायच्या रीती दिल्या आहेत. 'शुल्ब' म्हणजेच दोरी. मधल्या बिंदूला मध्य म्हणत, नाभी म्हणत. चौकोनाला 'चतुरस्र' होते आणि आपला 'चौरस' त्यातूनच घडला. त्रिकोणाला 'त्र्यस्र' होते. आज 'कोन' म्हणून जो शब्द आपण वापरतो, तो ग्रीक 'गोनिया'वरून आला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. भूमितीसाठी केंद्र हा शब्द उसना घ्यायची गरज नव्हती. तो आला ग्रहगणिताबरोबर, आणि ग्रहगणित आले माणसांबरोबर.

यवन लेण्यांतही आहेत

ही माणसे महाराष्ट्रात होती याचा पुरावा दगडात कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत सतरा क्रमांकाचे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या माणसाने खोदवले. तो धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा, आणि शिलालेखात तो स्वतःला योनक, म्हणजे यवन म्हणवतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची दाने नोंदलेली आहेत. जुन्नरच्या लेण्यांतही यवन दाते आहेत. नाव इंद्राचे आणि अग्नीचे, दान बुद्धाला, ओळख यवन : सातवाहन काळातल्या महाराष्ट्राचे हे चित्र आहे.

व्यापाराच्या वाटाही ठाऊक आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात भरूच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे अंतर दिले आहे. उज्जैनही त्या पुस्तकात 'ओझेने' या नावाने येते. या वाटांवरून कापड, मद्य, मणी यांची ने-आण होत होती आणि त्यांच्यासोबत आकाश वाचायची एक पद्धतही आली. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ग्रीक ज्योतिषग्रंथाचे संस्कृत रूप तयार झाले, ते 'यवनजातक'. ग्रीक संज्ञा संस्कृत कानाला जशा ऐकू आल्या तशा लिहिल्या गेल्या. 'होरा' म्हणजे ग्रीक तास. 'लिप्ता' म्हणजे अंशाचा साठावा भाग, ग्रीक 'लेप्टॉन'. डायामेट्रॉसचे झाले 'जामित्र' : कुंडलीतले सातवे स्थान, कारण ते लग्नस्थानाच्या बरोबर आरपार असते. विवाहाचा मुहूर्त काढताना आजही जामित्र पाहतात. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या सातव्या सर्गात शिवपार्वतीच्या लग्नाची तिथी वर्णताना हा शब्द वापरला आहे. जगन्मातेच्या विवाहाच्या मुहूर्तात ग्रीकांचा व्यास बसलेला आहे आणि त्यात कुणाला काही खटकले नाही.

केन्ट्रॉनचे झाले 'केंद्र'. ग्रीक ज्योतिषात आकाशाच्या चार खुंट्यांना, म्हणजे उगवतीचा बिंदू, मावळतीचा बिंदू, माथ्यावरचा आणि पायाखालचा, केन्ट्रा म्हणत. कुंडलीत ती पहिले, चौथे, सातवे आणि दहावे स्थान झाली. वराहमिहिराने 'बृहज्जातका'त या स्थानांची जी नावे दिली, त्यांत केंद्राबरोबर आणखी एक नाव आहे : कंटक. कंटक म्हणजे काटा, टोचणारी गोष्ट. ग्रीक शब्दाचा ध्वनी एका नावात राहिला आणि त्याचे टोकही जणू दुसऱ्या नावात जपले गेले.

वराहमिहिर उज्जैनचा, सहाव्या शतकातला. 'पंचसिद्धांतिका' या ग्रंथात त्याने त्या वेळी प्रचलित असलेल्या पाच गणितपद्धतींचा सार दिला. त्यांत रोमक सिद्धांतही आहे. यवनपूर, म्हणजे अलेक्झांड्रिया, आणि उज्जैन यांच्यात किती घटिकांचे अंतर आहे हेही त्याने सांगितले : सात घटिका आणि एकतृतीयांश. एका घटिकेत पृथ्वी सहा अंश फिरते, म्हणून हे अंतर ४४ अंश झाले. आजच्या नकाशावर ते सुमारे ४६ अंश भरते. नाईलच्या मुखापासून क्षिप्रेच्या काठापर्यंतच्या मोजमापात फक्त दोन अंशांची चूक, तीही दुर्बीण आणि चालते घड्याळ नसताना.

याच वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त यवनांविषयी उदारपणे लिहिले आहे. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात चांगले रुजले आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो, असा त्याचा आशय आहे. रिसोडकर आपल्या गावाला ऋषिवट नगरी म्हणतात. ऋषींचा वारसा सांगणाऱ्या गावाला हा निकष आपलासा वाटावा : ज्याच्याकडे विद्या आहे, त्याला ऋषीचा मान.

लंका, परळी, वाशिम, उज्जैन

आता त्या रेषेकडे येऊ. आज आपण रेखांश ग्रीनिचपासून मोजतो. ते १८८४मध्ये ठरले. त्याआधी हजारभर वर्षे भारतीय गणिती उज्जैनपासून मोजत होते. विषुववृत्तावर, उज्जैनच्या थेट दक्षिणेला, त्यांनी 'लंका' नावाचा एक बिंदू मानला होता. हा गणिताचा बिंदू होता. तिथून उत्तर ध्रुवावरच्या मेरूपर्यंत जाणारी सरळ रेषा ती मध्यरेषा.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६चा, म्हणजे इसवी सन १११४चा. 'सिद्धांतशिरोमणी' त्यांनी छत्तिसाव्या वर्षी लिहिला. ११८३मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' हे पंचांगकर्त्यांच्या हाताशी राहील असे छोटे पुस्तक रचले. त्यात या मध्यरेषेवरची ठिकाणे दक्षिणेकडून उत्तरेकडे ओळीने सांगितली आहेत. लंकेच्या पुढच्या नावांत कांची येते, पुढे पर्यली, मग वत्सगुल्म, मग उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि शेवटी मेरू. पर्यली म्हणजे परळी असे मानतात. वत्सगुल्म म्हणजे वाशिम.

वत्सगुल्म हे तेव्हाही जुने नाव होते. चौथ्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेने इथे राजधानी केली. तिचा संस्थापक सर्वसेन हा 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा कवी. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९मध्ये वाशिमला सापडला आणि या शाखेचा इतिहास उजेडात आला. याच घराण्यातल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदवले. संस्कृत कवी राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्मात लावले आहे. इतके नामांकित शहर पंचांगकर्त्याला माहीत असणारच. म्हणूनच त्याच्या मध्यरेषेच्या यादीत वत्सगुल्म आले असावे. वाशिममध्ये आजही मध्यमेश्वराचे देऊळ आहे आणि जुनी मध्यरेषा इथून जाते अशी तिथली सांगी आहे.

रेषा वाशिमवरून खरोखर जाते का? नकाशा समोर ठेवला तर उज्जैन ७५.८ रेखांशावर आहे, परळी ७६.५वर, वाशिम ७७.१वर. कुरुक्षेत्र ७६.८च्या आसपास. रिसोडही ७६.८वरच. म्हणजे यादीतल्या वाशिमपेक्षा यादीत नसलेले रिसोड उज्जैनच्या रेषेला अधिक जवळ आहे, आणि कुरुक्षेत्राच्या तर ते जवळपास सरळ खाली येते. रिसोडच्या वेशीवर उभे राहून कुणी उत्तर ध्रुवाकडे नाक करून चालत राहिला, तर तो कुरुक्षेत्राच्या आसपास निघेल.

या फरकाला चूक म्हणण्याआधी तो मोजायची रीत पाहावी. दोन गावांचे रेखांशातले अंतर काढायचा उपाय चंद्रग्रहण हा होता. ग्रहण सगळ्या गावांना एकाच क्षणी लागते, पण प्रत्येक गावाची स्थानिक वेळ वेगळी असते. मध्यरेषेसाठी गणिताने काढलेल्या वेळेनंतर ग्रहण लागलेले दिसले तर गाव रेषेच्या पूर्वेला, आधी दिसले तर पश्चिमेला. वेळ मोजायला पाण्यावर तरंगणारे, बुडाला छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र. वाशिमचा सूर्य उज्जैनच्या सूर्यापेक्षा साडेपाच मिनिटे आधी माथ्यावर येतो, रिसोडचा चार मिनिटे आधी. चंद्राच्या कडेवर सावलीचा पहिला डाग पडतो तो क्षण साध्या डोळ्यांना इतका नेमका पकडता येत नाही. दहा ते चौदा पळांचा हा फरक त्या साधनांच्या आवाक्याबाहेरचा होता. त्या साधनांनिशी वाशिमला मध्यरेषेवर ठेवणारा माणूस प्रामाणिकपणे मोजत होता.

धनुष्याची दोरी

मध्यरेषा हे गणिताचे दार होते. ग्रहाची जागा आधी या रेषेसाठी काढायची आणि मग आपल्या गावासाठी देशांतराचा संस्कार, म्हणजे रेखांशातल्या फरकाची दुरुस्ती, करायचा. ग्रहाची सरासरी जागा काढणे सोपे असते. खरी जागा त्याहून थोडी पुढेमागे असते, कारण ग्रह सारख्या वेगाने चालत नाही. तो आपल्या उच्चापासून, म्हणजे कक्षेतल्या सर्वांत दूरच्या बिंदूपासून, किती अंश दूर आहे त्यावर हा फरक ठरतो. या अंतराला भारतीय गणितींनी नाव दिले केंद्र. कुंडलीतला शब्द आता ग्रहगणितात शिरला आणि त्याचा अर्थ बदलला. केंद्र मिळाले की त्याची ज्या काढायची. त्या जोडशब्दाला म्हणत केंद्रज्या.

केंद्रज्या हा शब्द माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासाचे सार आहे. केंद्र ग्रीकांचे, ज्या आपली. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा एक तुकडा घ्या, तो वाकलेल्या धनुष्यासारखा दिसतो, म्हणून चाप. त्याची दोन टोके जोडणारी सरळ रेघ ही दोरी, म्हणून ज्या किंवा जीवा. दोरीच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंतचा तुकडा म्हणजे बाण, म्हणून शर. ग्रीक गणिती संपूर्ण दोरीची कोष्टके करत. दुसऱ्या शतकात टॉलेमीने अशी कोष्टके दिली. भारतीयांनी दोरीचा अर्धा भाग घेतला आणि गणित एकदम सुटसुटीत झाले, कारण अर्ध्या दोरीतून काटकोन त्रिकोण थेट उभा राहतो. नाव होते ज्यार्ध, पण वापरता वापरता नुसते ज्या उरले.

आर्यभटाने ४९९मध्ये, तेविसाव्या वर्षी, चोवीस ज्यांमधले फरक एका श्लोकात बांधले : २२५, २२४, २२२, २१९ असे उतरत जाणारे आकडे. त्याने वर्तुळाचा परीघ २१,६०० कला धरला, म्हणून त्रिज्या आली ३,४३८. कलेचे दुसरे नाव लिप्ता, म्हणजे पुन्हा ग्रीक. मोजमाप यवनांचे, मोजायची वस्तू आपली. हाच वाकाटकांचा काळ. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात रंग चढले आणि कुसुमपुरात आर्यभटाचे आकडे पद्यात बसले, ते एकाच पिढीच्या आगेमागे.

आठव्या शतकात दोरी पश्चिमेला निघाली. खलिफा अल-मन्सूरने ७६२मध्ये बगदाद वसवले आणि दहाबारा वर्षांतच एक भारतीय सिद्धांतग्रंथ तिथल्या दरबारात पोचला. अरबांनी त्याला 'सिंदहिंद' म्हटले. संस्कृत जीवाचे अरबीत 'जीबा' झाले. या शब्दाला अरबीत स्वतःचा काही अर्थ नव्हता. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे लिहिताना जीम, ये, बे एवढीच अक्षरे पडत. पुढच्या वाचकाने ती अक्षरे ओळखीच्या शब्दासारखी वाचली : 'जैब', म्हणजे अंगरख्याची गळ्याजवळची घडी, छातीवरचा उघडा भाग. हिंदी-उर्दूतला 'जेब' म्हणजे खिसा, तो याच शब्दावरून आला.

बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे सुरू झाली. तिथे जैबसाठी अगदी चोख प्रतिशब्द मिळाला : 'सिनुस', म्हणजे वस्त्राची घडी, कुशी, खाडी. हा शब्द रूढ करण्याचे श्रेय रॉबर्ट ऑफ चेस्टर आणि जेरार्ड ऑफ क्रेमोना या भाषांतरकारांना देतात. जेरार्डचा जन्म १११४च्या सुमारास झाला, भास्कराचार्यांच्याच वर्षी. तोलेदोत बसून जेरार्ड टॉलेमीचे आणि अरबांचे ग्रंथ लॅटिनमध्ये आणत होता, तेव्हा सह्याद्रीच्या पायथ्याशी भास्कराचार्य ज्या आणि चाप यांचे गणित नव्याने बांधत होते. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. पण एकाच दोरीची दोन टोके दोघांच्या हातांत होती. सिनुसचे पुढे इंग्रजीत साइन झाले.

मध्यरेषेलाही हाच प्रवास घडला. उज्जैनचे अरबीत 'उझैन' झाले. अरबी लिपीत 'झे' आणि 'रे' या अक्षरांत फक्त एका नुक्त्याचा फरक आहे. नकलाकाराच्या हातून तो नुक्ता गळला आणि उझैनचे 'अरीन' झाले. बाथच्या ॲडेलार्डने ११२६च्या सुमारास अल-ख्वारिझ्मीची कोष्टके लॅटिनमध्ये आणली, तेव्हा त्यांतला मूळ रेखांश अरीनचा होता. युरोपातले विद्वान पृथ्वीच्या मध्यावरच्या अरीन नावाच्या घुमटाविषयी लिहू लागले. १४९८मध्ये, तिसऱ्या सफरीहून लिहिलेल्या पत्रात, कोलंबसनेही अरीनचा उल्लेख केला. वाशिम आणि परळी ज्या रेषेवरची गावे म्हणून मोजली जात होती, तिचे नाव अटलांटिकपलीकडे पोचले, पण ते उज्जैन आहे हे सांगणारा कुणी तिथे नव्हता.

एका शब्दाची ओळख वाचकाच्या चुकीने पुसली, दुसऱ्याची नुक्ता गळाल्याने. तरी गणित चुकले नाही. घडीला सिनुस म्हणणाऱ्याच्या कोष्टकातही आकडे दोरीचेच होते.

पुन्हा घरी

भास्कराचार्यांची विद्या त्यांच्या घरात टिकली. नातू चंगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे आजोबांचे ग्रंथ शिकवणारा मठ सुरू केला. त्या मठाला मिळालेल्या दानाचा १२०७ सालचा शिलालेख तिथे आहे. पुढे १५२०मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' लिहिले आणि ज्या-चापांची खटपट टाळून ग्रह काढायची युक्ती दिली. महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांचे काम पुढची काही शतके या पुस्तकावर चालले. दोरी हातातून सुटत गेली, आकडे उरले.

मग इंग्रजी शाळा आल्या. १८२०च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मराठीत गणिताची पुस्तके तयार होऊ लागली आणि नव्या विषयांना मराठी शब्द लागले. काही शब्द परक्या शब्दांच्या साच्यात घडले. 'भूमिती' हा असाच शब्द : ग्रीक 'गे' म्हणजे भू, 'मेट्रिया' म्हणजे मिती. टॅन्जेंटला 'स्पर्शिका', कारण लॅटिन 'टान्जेरे' म्हणजे स्पर्श करणे. काही शब्द जुन्या संस्कृतातून आले. कॉर्डला जीवा मिळाली. रेडियसला त्रिज्या मिळाली. त्रिज्या म्हणजे तीन राशींची, नव्वद अंशांची ज्या, जी वर्तुळाच्या अर्ध्या व्यासाइतकी भरते. आणि सेंटरला केंद्र मिळाले. ग्रहगणितात अंतराचे नाव झालेला हा शब्द अखेर वर्तुळाच्या मधल्या बिंदूवर, युक्लिडने ठेवला होता तिथेच, येऊन बसला.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. भारतीय ज्योतिषात ग्रीकांचे किती आणि आपले किती, हा वाद तेव्हा युरोपात पेटला होता. सगळेच ग्रीकांचे म्हणणारे होते आणि काहीच त्यांचे नाही म्हणणारेही होते. दीक्षितांनी एकेक शब्द, एकेक आकडा तपासून हा प्रश्न हाताळला. ती शिस्त आज जास्त हवी. केंद्र ग्रीक आहे हे सांगितल्याने आर्यभटाची ज्या लहान होत नाही, आणि साइनची मुळे जीवेत आहेत हे सांगितल्याने टॉलेमी खोटा ठरत नाही. ज्यांनी ज्ञान वापरले, पारखले, पुढे नेले, त्यांचे ते झाले.

आता रिसोडच्या एखाद्या शाळेत दहावीचा भूमितीचा तास चालू आहे असे समजा. वर्तुळाच्या धड्यात मुलगी पाठ करते : वर्तुळावरील दोन बिंदूंना जोडणारा रेषाखंड म्हणजे जीवा. काही आठवड्यांनी त्रिकोणमितीचा धडा येतो आणि ती लिहिते : साइन थीटा बरोबर संमुख बाजू भागिले कर्ण. दोन धडे, दोन शब्द, आणि तिला ते दोन परके शब्द वाटतात. साइन हा इंग्रजीतून आलेला अवघड प्राणी आहे अशी भीतीही वाटते. कुणीतरी तिला फळ्यावर धनुष्य काढून दाखवावे. दोरी अर्धी करून दाखवावी. सांगावे की साइन म्हणजे हीच अर्धी केलेली जीवा. बगदादला तिचे नाव नीट वाचले गेले नाही आणि तोलेदोला त्या चुकीचेच भाषांतर झाले, एवढेच. पाच मिनिटांचे काम आहे. त्या पाच मिनिटांनंतर ती मुलगी साइनला घाबरणार नाही, कारण तो तिच्या घरातून गेलेला आणि परत आलेला शब्द आहे हे तिला कळलेले असेल.

आणि वर्तुळ काढताना कंपासचे टोक वहीत जरा जोरात टोचले जाते, पान उलटले तरी मागे भोक दिसते, म्हणून ती चिडली, तर तिला शेतावर न्यावे. घराच्या कोपऱ्यात तुतारी उभी असेल. तिच्या टोकाला हात लावून पाहू द्यावा. वहीतले ते भोक याच आरेचे आहे.